मानस

भरती-ओहोटीच्या वेळा मला पाठ आहेत, यतीन,
तुझ्या नाहीत.
तू कधी उठशील, उठशील का,
आंघोळीचं तापलेलं पाणी पुन्हा कधी थंड होईल,
हे कुठल्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर नसतं.

यंदा मानशीची पावणी माझ्या नावावर पडली.
चोडणच्या खाजनाच्या बांधात लाकडाची दोन दारं.
भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतात,
ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं.
तेव्हा जाळं लावायचं,
रात्रीचे दोन असोत की चार.

तुझी आई म्हणाली, रात्रभर पंख्याकडे बघत पडतो,
तुम्ही जागेच असता, घेऊन जा.
जणू तू कुणाची विसरलेली छत्री.

पहिल्या रात्री मी चुकलो. फार बोललो.
फर्मागुढीचं कॉलेज, अर्धं टाकलेलं चौथं सेमिस्टर,
माझ्या भावाने कुवेतमध्ये कसे दिवस काढले,
पहाटे चालावं, मोबाईल लांब ठेवावा,
तुझ्या वयात आम्ही.
तू सगळं ऐकून घेतलंस.
मग इतकंच म्हणालास,
"काका, चप्पल घालायला मला पाऊण तास लागला."
जाळ्यात सुंगटं तडतडत होती.
तेवढाच आवाज.

तेव्हापासून मी थर्मास आणतो आणि एक पोई, दोघांत.
तुझं काम कंदील धरायचं.
जड झाला तर खाली ठेव,
सुंगटांचं काही बिघडत नाही.
ज्या रात्री तू येत नाहीस
तुझ्या खिडकीखालून जाताना सायकलची घंटा
एकदाच वाजवतो.
दोनदा म्हणजे उत्तर मागणं झालं.

एका ओहोटीला तू विचारलंस,
पाणी उतरून चिखल उघडा पडतो
तेव्हा नदीला लाज वाटत असेल का?
मी म्हटलं, मला काय ठाऊक, चहा घे.
घरी गेलो आणि झोप येईना.
दुसऱ्या रात्री जाळ्याची गाठ सोडवता सोडवता
सरळच विचारलं,
जीव द्यावा असं वाटतं का रे तुला?
"कधीकधी," म्हणालास,
कुणी विचारावं, पेज घेतोस का, तसं.
ती गाठ माझ्याकडून सुटली नाही.
सुरीने कापली.

बांबोळी म्हणजे आमच्याकडे शिवी.
"ह्याला बांबोळीला न्या रे" असं
मीही म्हटलंय, फुटबॉलच्या मैदानात, हसत.
ते आता कुणाकडून परत घेऊ?
आपण सकाळची फेरी धरली.
ओळखीचं कुणी दिसलं की मी तुझ्यापुढे उभा राहायचो.
"बाजूला व्हा काका," तू म्हणालास,
"तुमच्यामुळेच मी जास्त दिसतोय."

दारावर पाटी होती: मानसोपचार विभाग.
तू ती वाचलीस. ओठाचा एक कोपरा हलला.
"तुमच्या मानशीचं डिपार्टमेंट."
"मग आत सुतार बसला असणार," मी म्हटलं.
"दाराची फळी कुजली की मी त्यालाच बोलावतो.
फळीला कशाला दोष देऊ?
खारं पाणी कुणी तिला विचारून येत नाही."
बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने आमच्याकडे पाहिलं
आणि पिशवी उचलून
तुला बसायला जागा केली.

गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले.
बरा झालास असं मी म्हणत नाही.
मंगळवारी दिवसभर तू दार उघडलं नाहीस,
गोळी विसरलास, आईवर ओरडलास.
बुधवारी आलास,
बांधावर टेकलास, कंदील मांडीवर,
आणि मी जाळं सोडून वळतो तर
तुला झोप लागलेली.
झोप, यतीन! तोंड उघडं, एका पायात चप्पल.

कंदील अलगद काढून घेतला.
एका हातात तो धरून जाळं ओढता येत नाही,
आणि खाली ठेवला असता
तर दगडावर वाजला असता.
मग ओहोटी सरली, भरती लागली,
दारं आपसूक मिटली.
जाळं तसंच राहिलं.

तुझ्या आईला सांग,
ह्या आठवड्यात सुंगटं मिळायची नाहीत.
कारण सांगू नकोस.